आभाळाची वेस

गावाची वेस ठाऊक नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच. पूर्वी रात्र पडली की वेशीचा दरवाजा लागे आणि पहाटे उघडे. साथ आली किंवा दरोड्याची आवई उठली की तोच दरवाजा दिवसाढवळ्याही बंद होई. आत येणाऱ्याला रखवालदार विचारी, "कोण? कुठले? कशाला आलात?" आजच्या आपल्या विषयाचे बरेचसे सार या तीन प्रश्नांत आहे. फरक एवढाच, की ही वेस मातीची नसून आभाळाची आहे, आणि तिचा आपल्याकडचा मोठा दरवाजा मुंबईच्या अंधेरी उपनगरात सहार येथे आहे. करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, तो लागला. नेहमीची परदेशी प्रवासी विमाने त्यातून पुन्हा ये-जा करू लागली ती २७ मार्च २०२२ रोजी. म्हणजे दोन वर्षांहून चार दिवस अधिक. तो का लागला, इतका काळ बंद का राहिला, आणि उघडण्यासाठी नुसता अडसर काढून का भागले नाही, हे आज आपण पाहू.

तुम्ही म्हणाल, विमानाने परदेशी जाणारे लोक ते किती, आणि आम्हां खेड्यातल्या माणसांना त्याचे काय? पण जरा आठवून पाहा. रत्नागिरीच्या खाडीकाठचा एखादा मुलगा कुवेतला किंवा दुबईला कामाला असतो. रायगडच्या गावचा कोणी परदेशी जहाजावर खलाशी असतो. तालुक्याच्या शाळेतून शिकलेली एखादी मुलगी ऑस्ट्रेलियात शिकत असते. त्यांचे पैसे येतात, पत्रे येतात, आता फोन येतात. पण माणूस यायचा तो सहारच्याच दरवाजातून. शिवाय आपल्या हापूस आंब्याची पेटीही त्याच वाटेने जाते. तेव्हा ती वेस मुंबईची असली, तरी वाट गावागावापर्यंत पोचलेली आहे.

आधी या वेशीची ओळख करून घेऊ. मुंबईत विमाने प्रथम उतरू लागली ती जुहूला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाचे विमान स्वतः चालवत जुहूच्या मैदानावर उतरवले, आणि भारतीय हवाई वाहतुकीचा ओनामा झाला. पुढे सांताक्रूझचा विमानतळ आला. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' नावाचे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा या मार्गाने लंडनला गेले. ती आपली पश्चिमेकडची पहिली नियमित परदेशी फेरी. नंतर त्याच विमानतळाच्या दुसऱ्या अंगाला, सहार गावाकडे, परदेशी प्रवाशांसाठी वेगळी इमारत उभी राहिली. तिच्या जागी आज दिसणारी मोठी इमारत २०१४ पासून वापरात आहे. विमानतळाचे आजचे नाव छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ. येथे दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदून जातात. म्हणून दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत, आणि सारा भार बहुधा एकीवरच पडतो. पश्चिमेचा वारा असला म्हणजे विमाने पूर्वेकडून, घाटकोपर आणि कुर्ल्याच्या डोक्यावरून खाली येतात. घाटकोपर-असल्फ्याच्या टेकडीवरच्या मुलांना विमानाच्या पोटावरची अक्षरे वाचता येतात, इतकी खालून.

आता आभाळाला वेस असते ती कशी? ७ डिसेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरी अनेक राष्ट्रांनी एक करार केला. त्याचे पहिलेच कलम असे आहे, की प्रत्येक देशाच्या भूमीवर जे आकाश आहे, त्यावर त्या देशाची पूर्ण सत्ता आहे. म्हणजे शेताच्या बांधासारखा बांध आभाळातही आहे, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. परक्या देशाचे विमान आपल्याकडे नियमित यायचे तर दोन सरकारांमध्ये करार लागतो. कोणत्या कंपन्यांनी यायचे, कोणत्या शहरी उतरायचे, आठवड्याला किती फेऱ्या किंवा किती जागा, हे सारे त्यात ठरते. ज्याला दरवाजा उघडण्याचा अधिकार, त्यालाच तो लावण्याचाही अधिकार, हे ओघानेच आले.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची साथ जगभर पसरल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण त्याआधी दोनच दिवस पुण्यात सापडले होते, आणि ते दुबईहून प्रवास करून आलेले होते. १३ मार्चला राज्य सरकारने साथरोग कायदा लागू केला. शिक्षकमित्रांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी: हा कायदा १८९७ सालचा. मुंबईत प्लेगने हाहाकार मांडला, तेव्हा तो केला गेला होता. सव्वाशे वर्षांपूर्वीचे हत्यार पुन्हा म्यानातून बाहेर काढावे लागले. मग केंद्र सरकारने ठरवले, की २२ मार्चच्या पहाटे साडेपाचनंतर परदेशातून कोणतेही नियमित प्रवासी विमान भारताकडे निघू नये. जी आधी निघाली होती तेवढी उतरली, आणि २३ मार्चपासून दरवाजा बंद झाला. २५ मार्चपासून देशातल्या देशातली प्रवासी विमानेही थांबली.

असे एकदम का करावे लागले, ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जाऊ. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे गोदीलगतची वस्ती. १९१८ चा इन्फ्लुएंझाही सैनिकांच्या जहाजातून मुंबईच्या बंदरात उतरला असे मानले जाते. साथ अशी बंदरातून येई; पण त्या काळी विलायतेहून मुंबईला यायला बोटीला दोन-तीन आठवडे लागत. वाटेत कोणी आजारी पडला तर तो बोटीवरच कळे, आणि बंदराचा डॉक्टर तिला किनाऱ्यापासून दूर थांबवून ठेवी. समुद्रच एक प्रकारचा विलगीकरणाचा वाडा होता म्हणा ना!

विमानाने हे गणित उलटे केले. करोनाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप-खोकला दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जातात. दुबईहून मुंबईला यायला लागतात सुमारे तीन तास, लंडनहून नऊ-दहा तास. म्हणजे आज सकाळी ज्याला लागण झाली, तो संध्याकाळी ठणठणीत तब्येतीने सहारला उतरतो, रात्रीच्या गाडीने गावी जातो, आणि ताप येतो तो चार-पाच दिवसांनी, घरच्या ओसरीवर. दारावर कपाळाचा ताप मोजणारा कितीही दक्ष असला, तरी जो ताप अजून आलेलाच नाही, तो त्याला कसा सापडणार? रोगाच्या पावलांपेक्षा माणसाची पावले वेगवान झाली, यातच सारी अडचण आहे. चौदा दिवस वेगळे राहा, हा नियम आला तो याच हिशेबातून. समुद्राने पूर्वी जे आपोआप केले, ते आता कागदी हुकमाने करावे लागले.

दरवाजा लागला आणि उपनगरांत एक नवीच शांतता पसरली. विलेपार्ले, सांताक्रूझ, मरोळ, चकाला या भागांत घराच्या खिडक्या विमानाच्या आवाजाने थरथरणे हा नित्याचा भाग. तो आवाज जवळजवळ थांबला. पण आवाजाबरोबर पुष्कळांची चूलही थंडावली. विमानतळ म्हणजे नुसते वैमानिक नव्हेत. सामान चढवणारे, विमान झाडणारे, जेवणाचे डबे भरणारे, टॅक्सीवाले, मरोळ नाक्याच्या हॉटेलांतले आचारी, रात्रपाळीच्या कामगारांना चहा देणारे टपरीवाले, अशी हजारो माणसे त्यावर जगतात. त्यांतली कितीतरी कोकणातून, देशावरून आणि परप्रांतांतून आलेली. त्यांच्या मनिऑर्डरी थांबल्या, तेव्हा मुंबईतला बंद दरवाजा खेड्यात कळला.

ही वेस आकाशात होती तशी जमिनीवरही होती. बोरिवलीच्या पुढे दहिसरचा नाका आणि ठाण्याच्या अलीकडे मुलुंडचा नाका, ही मुंबईची दोन दारे. तेथे पोलीस पास पाहूनच गाडी सोडत. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायलाही पास लागे. तो नियम सप्टेंबर २०२० च्या आरंभी सुटला. देशांतर्गत विमाने त्याआधी, २५ मे २०२० पासून, सुरू झाली होती. पण मुंबईला आरंभी दिवसाला २५ विमाने उतरण्याची आणि २५ उडण्याची मुभा मिळाली.

परदेशात अडकलेल्यांचे काय झाले? ज्यांची नोकरी गेली ते कामगार, वसतिगृहे बंद झालेले विद्यार्थी, मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या आया, करार संपलेले खलाशी, सारेच अडकले. घरी मृत्यू झाला तरी येता येईना. त्यांच्यासाठी सरकारने ७ मे २०२० पासून 'वंदे भारत' नावाची मोहीम काढली. मुंबईत त्यातले पहिले विमान लंडनहून १० मेच्या पहाटे उतरले. तिकिटाचे पैसे प्रवाशाने द्यायचे, उतरल्यावर घरी न जाता हॉटेलात किंवा सरकारने ठरवलेल्या जागी राहायचे. आधी हा मुक्काम चौदा दिवसांचा होता. मेच्या अखेरीस तो सात दिवस तेथे आणि सात दिवस घरी असा झाला. विमानतळाजवळची हॉटेले, जी प्रवाशांविना रिकामी पडली होती, तीच काही काळ विलगीकरणाची घरे बनली.

मग जुलै २०२० पासून दुसरी युक्ती निघाली. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी अशा एकेका देशाशी तात्पुरता करार करून ठरावीक विमाने सोडायची. तिला इंग्रजीत 'एअर बबल' म्हणत, म्हणजे हवेचा बुडबुडा. दोन घरांनी आपापसांत ठरवावे, की तुमच्याकडचे चार आमच्याकडे आणि आमच्याकडचे चार तुमच्याकडे, तसा हा प्रकार. वाढत वाढत असे करार तीसहून अधिक देशांशी झाले. म्हणून दरवाजा दोन वर्षे बंद होता असे आपण म्हणतो, तेव्हा तो कडेकोट बंद नव्हता, किलकिला होता, हे लक्षात ठेवावे. पण किलकिल्या दारातून गर्दी जायची म्हणजे काय होते? जागा थोड्या, मागणी फार, आणि भाडे चढे. ज्याच्यापाशी पैसा होता तो आला. ज्याच्यापाशी नव्हता, तो थांबला. हा भेद कोणी मुद्दाम केला असे नव्हे, पण तो झाला खरा.

आता मालाकडे वळू. बहुतेकांना वाटते की प्रवासी विमानात माणसेच जातात. तसे नाही. माणसे बसतात त्या तळाखाली विमानाला मोठे पोट असते, आणि त्यात माल भरतात. जगात विमानाने जाणाऱ्या मालापैकी जवळजवळ निम्मा माल साथीपूर्वी अशा प्रवासी विमानांच्या पोटातून जाई. प्रवासी विमाने थांबताच ती जागाही गेली. मालाची स्वतंत्र विमाने चालू होती, पण जागा अपुरी पडल्यावर भाडे वाढले. फुले, भाजी, मासळी, आंबा असा नाशवंत माल पाठवणाऱ्यांना ते जाणवले.

हापूसची गोष्ट तर मुद्दाम सांगण्याजोगी आहे. अमेरिकेची बाजारपेठ आपल्या आंब्याला २००७ साली उघडली. अट अशी, की कोयीतल्या किडीचा बंदोबस्त करण्यासाठी आंब्यावर आधी किरणांची प्रक्रिया करायची. आपल्याकडे ती वाशी आणि लासलगाव येथे होते. पण अमेरिकेच्या कृषी खात्याचा निरीक्षक प्रत्यक्ष येथे येऊन देखरेख करी, तेव्हाच पेटी पुढे जाई. साथीत निरीक्षकच येऊ शकले नाहीत. आंबा होता, ग्राहक होता, प्रक्रियेचे यंत्र होते. एक माणूस नव्हता. म्हणून २०२० आणि २०२१ अशा दोन हंगामांत आपला आंबा अमेरिकेला गेला नाही. २०२२ मध्ये दोन्ही सरकारांत बोलणे होऊन देखरेखीचे काम टप्प्याटप्प्याने भारतीय अधिकाऱ्यांकडे द्यायचे ठरले, आणि निर्यात पुन्हा चालू झाली. देवगडच्या बागायतदाराचे नशीब एका परदेशी निरीक्षकाच्या विमान-तिकिटाला कसे बांधलेले होते, ते यावरून दिसते.

याच काळात उलट दिशेने एक चांगले कामही या वेशीने केले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या लसीच्या पेट्या २० जानेवारी २०२१ रोजी मुंबई विमानतळावरून भूतान आणि मालदीवला रवाना झाल्या. ज्या वाटेने रोग आला, त्याच वाटेने औषध बाहेर गेले.

लस आली म्हटल्यावर दरवाजा लवकर उघडेल असे सर्वांना वाटले. प्रत्यक्षात नवा घोळ उभा राहिला, तो दाखल्यांचा. तुम्ही लस घेतली आहे, हे परक्या देशाच्या रखवालदाराला पटणार कसे? कोव्हिशील्ड घेतलेल्या भारतीयांना ब्रिटनने २०२१ च्या सप्टेंबरात लस घेतलेले मानायला नकार दिला. लस मान्य, पण दाखल्याची पद्धत मान्य नाही, असा तो वाद होता. मग भारतानेही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना विलगीकरण सक्तीचे केले, आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने आपला नियम मागे घेतला. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली ती ३ नोव्हेंबर २०२१ रोजी. तोवर पुष्कळ देशांच्या दारात त्यांची लस नसल्यातच जमा होती. ज्यांना परदेशी जायचे त्यांच्या दाखल्यावर पारपत्राचा क्रमांक घालण्याची सोयही याच वर्षी झाली. साध्या सर्टिफिकेटवरचे एक अक्षर माणसाला दारात अडवू शकते, हे त्या वर्षी घरोघर कळले.

शेवटी २६ नोव्हेंबर २०२१ रोजी सरकारने जाहीर केले, की १५ डिसेंबरपासून नियमित विमाने सुरू होतील. आणि योग पाहा, त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने दक्षिण आफ्रिकेत आढळलेल्या नव्या विषाणूला 'ओमायक्रॉन' हे नाव दिले. पाच दिवसांत, १ डिसेंबरला, उघडण्याचा बेत पुढे ढकलला गेला. महाराष्ट्रातला ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण ४ डिसेंबरला कल्याण-डोंबिवलीत आढळला. तो प्रवासी दक्षिण आफ्रिकेहून निघाला होता. पण आला होता दुबईवरून दिल्लीला, आणि तेथून मुंबईला. नकाशा समोर घेऊन हा मार्ग बोटाने काढून पाहा. एका देशाचे थेट विमान बंद केले तरी माणूस तिसऱ्या गावावरून येतो. म्हणजे दरवाजा लावल्याने साथ थांबते का? माझे मत असे, की थांबत नाही, लांबते. आणि लांबणे हेही काही कमी नाही. त्या उसंतीत खाटा मांडता येतात, प्राणवायूची सोय करता येते, लस टोचता येते. गोरेगाव, मुलुंड, दहिसर येथे मोठमोठी तात्पुरती रुग्णालये उभी राहिली, ती अशाच उसंतीत. पण मिळालेली उसंत वापरली नाही, तर बंद दरवाजाचा त्रास तेवढा लोकांच्या वाट्याला येतो. म्हणून दरवाजा किती दिवस लावला यापेक्षा, त्या दिवसांत आत काय केले, हे विचारावे.

ओमायक्रॉनची लाट ओसरली आणि २७ मार्च २०२२ हा दिवस ठरला. हाच दिवस का? तो रविवार होता, मार्चचा शेवटचा रविवार. जगभरच्या विमानांचे वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलते. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारपर्यंत चालते. मग हिवाळी वेळापत्रक लागते. एस. टी.चे वेळापत्रक बदलायचे झाले तर एका डेपोने ठरवून भागते. येथे मुंबईहून किती वाजता सुटायचे ते मुंबईने, आणि लंडनला किती वाजता उतरायचे ते लंडनने मान्य करावे लागते. दोन्ही टोकांना घटका मिळाली तरच फेरी जमते. म्हणून मधल्याच एखाद्या मंगळवारी सारे सुरू करण्यापेक्षा नव्या वेळापत्रकाचा मुहूर्त साधला गेला. त्या उन्हाळ्यासाठी ४० देशांतील ६० परदेशी कंपन्यांना मिळून आठवड्याला १७८३ फेऱ्यांची परवानगी मिळाली.

पण परवानगी मिळाली म्हणजे विमान उडाले, असे नव्हे. महिनोन्‌महिने उभे असलेले विमान म्हणजे पावसाळाभर पडवीत ठेवलेले इंजिन. त्याच्या तोंडावर आच्छादने घालावी लागतात. वेग मोजण्यासाठी विमानाला बारीक नळ्या असतात, त्यांत किडे-गांधीलमाश्या घरे करतात. एवढीशी नळी बुजली तरी वैमानिकाला वेग खोटा दिसेल. चाके एकाच जागी दबू नयेत म्हणून विमान हलवावे लागते. इंजिने ठरावीक दिवसांनी चालवावी लागतात. मुंबईची दमट खारी हवा तर धातूची वैरीणच. तेव्हा पुन्हा उडण्यापूर्वी एकूणएक भागाची तपासणी आली. वैमानिकालाही नियम आहे: गेल्या ९० दिवसांत तीन वेळा उड्डाण आणि तीन वेळा अवतरण केलेले नसेल, तर त्याला प्रवासी घेऊन जाता येत नाही. मग नकली विमानाच्या यंत्रात बसवून त्याचा हात पुन्हा तयार करून घेतात. बैलजोडी वर्षभर गोठ्यात राहिली, तर पहिल्याच दिवशी तिला औताला जुंपून दिवसभर पळवत नाही आपण; तसेच हे.

२७ मार्चपासून विमानातले नियमही सैल झाले. आजारी प्रवाशासाठी तीन आसने रिकामी ठेवण्याची अट गेली. कर्मचाऱ्यांना पायघोळ संरक्षक पोशाख घालण्याची सक्ती गेली. मुखपट्टी मात्र तेव्हा राहिली. प्रवासापूर्वी आरोग्याची माहिती सरकारी संकेतस्थळावर भरण्याचा नियम २२ नोव्हेंबर २०२२ पासून सुटला. जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे सांगितले ते त्याहीनंतर, ५ मे २०२३ रोजी.

आणखी एक गोष्ट. आपण आपले दार उघडले म्हणजे समोरच्याचे उघडतेच असे नाही. अमेरिकेने लस घेतलेल्या परदेशी प्रवाशांना ८ नोव्हेंबर २०२१ पासून घेतले. ऑस्ट्रेलियाने विद्यार्थ्यांसाठी दार उघडले ते १५ डिसेंबर २०२१ ला, आणि पर्यटकांसाठी २१ फेब्रुवारी २०२२ ला. जपानने एकट्याने येणाऱ्या पर्यटकांना ११ ऑक्टोबर २०२२ पर्यंत थांबवले. चीनने बाहेरून येणाऱ्यांचे सक्तीचे विलगीकरण थांबवले ते थेट ८ जानेवारी २०२३ रोजी. चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी आपली पुष्कळ मुले या काळात घरी बसून पडद्यावर शरीरशास्त्र शिकत होती. डॉक्टरकी अशी शिकता येते का, हा प्रश्न त्यांच्या आईबापांनी कुणाला विचारायचा?

आकडे पाहा म्हणजे चढउतार नीट कळेल. सबंध जगात २०१९ साली विमानप्रवाशांची संख्या सुमारे ४५० कोटी होती. २०२० साली ती सुमारे १८० कोटींवर आली. मुंबई विमानतळावर, देशातले व परदेशचे प्रवासी मिळून, २०१९-२० या वर्षात साडेचार कोटींहून अधिक माणसांची ये-जा झाली होती. २०२०-२१ मध्ये ती १ कोटी १० लाखांच्या आसपास उतरली. आणि २०२३-२४ मध्ये ५ कोटी २५ लाखांच्या पुढे गेली, म्हणजे साथीपूर्वीपेक्षाही अधिक. माणसाची ओढ साथीने मरत नाही, हे यावरून दिसते.

आता यातून घ्यायचे काय? पहिली गोष्ट माणुसकीची. मार्च २०२० मध्ये परदेशाहून आलेल्यांच्या डाव्या हातावर घरी वेगळे राहण्याचा शिक्का मारत. १८ मार्चला हातावर असे शिक्के असलेल्या चार प्रवाशांना पालघर स्थानकात गाडीतून उतरवले गेले. त्यांनी घरी राहायला हवे होते, गाडीत बसायला नको होते, हे खरेच. पण शिक्का हा काळजीचा होता, कलंकाचा नव्हता, हेही तितकेच खरे. पुढे कित्येक गावांनी वेशीवर बांबू आडवे बांधून आपल्याच मुंबईकर मुलांना बाहेर ठेवले. काही गावांनी मात्र शाळेच्या खोल्या झाडून दिल्या, दोन वेळचे जेवण दाराशी ठेवले, आणि चौदा दिवसांनी मुलाला घरी आणले. दोन्ही गावांना रोगाची भीती सारखीच होती. फरक पडला तो व्यवस्थेने.

दुसरी गोष्ट कागदांची. ज्यांच्या घरचे कोणी परदेशी आहे, त्यांनी त्याच्या पारपत्राची, नोकरीच्या कराराची आणि लसीच्या दाखल्याची एक प्रत घरी ठेवावी. नावाचे अक्षर सर्व कागदांवर एकसारखे आहे ना, ते पाहावे. त्या देशातील भारतीय वकिलातीचा फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिका खंडातील काही देशांहून येणाऱ्याला पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो, आणि तो टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. हा नियम करोनाच्या आधीपासून आहे आणि आजही चालू आहे. म्हणजे सहारच्या दारावरचा आरोग्याचा रखवालदार काही घरी गेलेला नाही. तो फक्त आता आपल्याला जाणवत नाही.

तिसरी गोष्ट शिक्षकमित्रांसाठी. भूगोलाच्या तासाला पृथ्वीचा गोल आणि दोऱ्याचा तुकडा घ्या. मुंबईपासून दुबई, लंडन, केपटाउन, मेलबर्न अशी अंतरे मुलांना दोऱ्याने मोजू द्या. मग फळ्यावर दोन रकाने करा: एकात बोटीचा वेळ, दुसऱ्यात विमानाचा, आणि शेजारी चौदा दिवसांची रेघ ओढा. लंडनच्या बोटीचा आकडा त्या रेघेच्या पलीकडे जातो, विमानाचा अलीकडेच राहतो. साथ जगभर इतक्या वेगाने का पसरली, हे मुलाला त्या एका रेघेवरून कळेल. नंतर मुलांना घरी विचारायला सांगा, की आपल्या गावातले किती जण परदेशी आहेत आणि कोणकोणत्या देशी. ती यादी ग्रामपंचायतीत राहू द्या. उद्या पुन्हा साथ आली आणि वेस लावायची पाळी आली, तर कोण बाहेर अडकले आहे, कोणाच्या घरी म्हातारी एकटी आहे, आणि कोण आल्यावर शाळेची कोणती खोली उघडायची, हे पहिल्या दिवशीच ठाऊक असलेले बरे. गेल्या खेपेला हे सारे आपण दरवाजा लागल्यानंतर शोधत बसलो होतो.